हुंगरू नाल्याची मुदत

३ नोव्हेंबर
मासेमारीचा हंगाम संपून तीन दिवस झाले. गळ टाकायचा नाही, म्हणजे आता खरं काम सुरू. सकाळी लोतराम चाचाबरोबर हुंगरू नाला वरपासून खालपर्यंत चालून आलो. ट्राउटच्या माद्या नदीतून चढून आल्या आहेत. शेपटीने गोटे बाजूला सारून खळगे करतात, त्यात अंडी घालतात आणि वर पुन्हा गोटे पसरतात. असे खळगे मोजले — एकतीस. गेल्या साली एकोणीस होते.

मी म्हटलं, यांना वहीत ‘मत्स्यशय्या’ म्हणू. चाचा म्हणाला, “खाट म्हणा. वर्गात कोणी बसलेलं नाही.”

वहीत लिहिलं : खाटा ३१. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवून शेवटी हे हाती आलं. माशाला संस्कृतात डझनभर शब्द आहेत, ट्राउटला एकही नाही. मी ‘शबलमत्स्य’ ठरवला होता, ठिपक्यांचा म्हणून. कोणी विचारलं नाही.

४ नोव्हेंबर
बायको विचारते, “मासा धरायचा, पुन्हा सोडायचा, खायचा नाही, मग थंडीत त्याची अंडी मोजायची. याला शास्त्रात काय म्हणतात?” निष्काम कर्म म्हणालो. ती म्हणाली, “मग लाकडंही निष्काम फोडा.”

११ नोव्हेंबर
वरच्या वळणावर जेसीबी लागलाय. शिल्ह गावाच्या रस्त्याचा मलबा सरळ नाल्यात. सात खाटा चिखलाखाली गेल्या. पाणी चहासारखं.

ठेकेदार नरोत्तम तिथेच खुर्ची टाकून बसला होता. माझा जुना विद्यार्थी, रूपं कधी पाठ केली नाहीत. उठून उभा राहिला, पाया पडला, आणि मलबा टाकत राहिला.

“शास्त्रीजी, टाकायची जागा तीन किलोमीटरवर आहे. बर्फ पडायच्या आत डोंगराची कापणी संपवायची. मी मलबा खिशात ठेवू का?”

“कागदावर तीच जागा लिहिली आहे ना?”

“कागदावर तर हा रस्ता दोन वर्षांपूर्वीच झालाय.”

रस्ता हवाच. शिल्हला माझी बहीण राहते. तिथल्या आजाऱ्याला खुर्चीला बांधून चार माणसं खाली आणतात. रस्त्याला ना म्हणणारा मी कोण? पण मलबा नाल्यातच का? अंड्यांना गोट्यांच्या फटींतून वाहतं पाणी लागतं. गाळ बसला की ती गुदमरतात. या खोऱ्यात मासे अंडी घालायला याच एका नाल्यात चढतात. हा गेला तर नदीत चार वर्षांनी म्हातारे मासे उरतील आणि काठावर म्हातारे आम्ही.

१९ नोव्हेंबर
मत्स्य विभागाच्या कार्यालयात तक्रार केली होती. नरोत्तमला नोटीस निघाली म्हणतात. ती कुठल्या टेबलावर आहे यावर तीन मतं आहेत.

वर्तमानपत्राला बातमी पाठवली होती. आज छापून आली, लग्नाच्या जाहिरातीखाली चार ओळी. मथळा : ‘हुंगरू नाल्यात ट्रक संकटात’. नरोत्तमचा फोन आला — माझे सगळे ट्रक ठीक आहेत, काळजीबद्दल आभारी आहे.

२३ नोव्हेंबर
चाचाने काल संध्याकाळी नाल्याच्या तळाशी पांढरी बशी ठेवली होती, वर दगड. आज काढली. बोटाच्या पेराएवढा गाळ. त्याने ती पुसली नाही, तशीच पिशवीत घातली. “कार्यालयात दाखवू,” म्हणाला. दाखवली. साहेबांनी विचारलं, बशी कोणाची?

२४ नोव्हेंबर
चंद्रकला भाभीच्या स्वयंपाकघरात सभा. भाभी धरून आम्ही गळवाले सहा जण, वाफवलेले गरम सिड्डू आणि वितळलेलं तूप. भाभीच्या पाहुणघरात गळाचे शौकीन उतरतात, नाला गेला तर तिला कुलूप लावावं लागेल. तीच म्हणाली, “कार्यालय पुरे. नागदेवाला विचारा.”

हुंगरू नाग या पाण्याचा मालक. त्याने एखादी जागा बंद केली की तिथे कोणी पाऊल टाकत नाही. ठेकेदारही नाही, ठेकेदाराचा बापही नाही.

एकाने शंका काढली — मासा इंग्रजांनी आणलेला. देव त्याची बाजू कशी घेईल?

भाभी म्हणाली, “राजमा तरी कुठे इथला? देवाच्या जेवणावळीत तीनदा वाढून घेतोस तेव्हा विचारतोस का?”

ठरलं. देवापुढे बोलायचं मी. सगळ्यांचं म्हणणं, शास्त्रीजींचा शब्द देवाला आवडेल. मलाही तसंच वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

१ डिसेंबर
देवाला पूछ घातली, म्हणजे कौल लावला. देव ज्याच्या तोंडून बोलतो तो गूर म्हणजे आमच्या शाळेचा शिपाई शेसराम. आठवडाभर मी त्याला चहा आणायला सांगतो. आज तो टोपी काढून, केस मोकळे सोडून, थरथरत उभा राहिला आणि मी हात जोडून.

काय मागायचं ते रात्रभर घोळवलं होतं. पहिल्यांदा संस्कृतात म्हणालो, मग आमच्या बोलीत : जोवर या पाण्यात मासे, तोवर या पाण्यात माणसाचं पाऊल नको, यंत्राचं चाक नको, मलबा नको. यावत् आणि तावत् दोन्ही जागच्या जागी बसले. मागे कोणीतरी ‘वा’ म्हणालं. बहुतेक मीच.

देव म्हणाला, “दिलं.” तांदळाचे दाणे हातावर पडले. विषम आले, म्हणजे मंजूर.

नाल्याच्या तोंडाशी आणि वरच्या वळणावर बंदीची खूण म्हणून देवदाराची फांदी रोवली.

२ डिसेंबर
कार्यालयाची नोटीस अजून वाटेत आहे. देवाची नोटीस सकाळी सातला पोहोचली. नरोत्तमने स्वतः फांदीला नमस्कार केला आणि ट्रक तीन किलोमीटरवर वळवले. ड्रायव्हर शिव्या देत होता, पण हळू आवाजात.

एकतीसपैकी बावीस खाटा अजून बऱ्या आहेत. जिंकलो.

४ डिसेंबर
शेसराम चहा घेऊन आला. कप ठेवला आणि गेला नाही.

“शास्त्रीजी, मुदत नाही सांगितलीत.”

“कसली मुदत?”

“त्या दिवशी अंगातला देव गेल्यावर लोकांनी मला सांगितलं तुम्ही काय मागितलंत ते. बंदी मागताना लोक म्हणतात — या संक्रांतीपासून त्या संक्रांतीपर्यंत. शेंबडं पोरही म्हणतं. तुम्ही म्हणालात, जोवर मासे तोवर.”

“मग?”

“मग जोवर मासे तोवर. तुम्हालाही.”

चहा गार झाला. मी ती ओळ मनात पुन्हा म्हणून पाहिली. ‘माणसाचं पाऊल नको.’ माणसांत गळवाले येतात. व्याकरणात कुठेही चूक नाही, हीच अडचण आहे. मासे संपतील तेव्हाच आम्हाला मासेमारीची परवानगी.

५ डिसेंबर
लोतराम चाचाला सांगायला मीच गेलो. दुसऱ्याकडून कळायला नको.

तो सदुसष्ट वर्षांचा. दोन्ही गुडघे गेलेत. नदीची ओढ आता त्याला सोसत नाही, दोन वर्षांपूर्वी वाहून जाता जाता राहिला. हुंगरूचं पाणी गुडघ्याएवढं. त्याला उतरता येईल असं ते एकच पाणी उरलं होतं. मला गळ धरायला त्यानेच शिकवलं, त्याच नाल्यात, मोठ्या डोहाखाली.

त्याने शेकोटीत लाकूड सरकवलं.

“म्हणजे मार्चमध्ये मी हुंगरूत उतरायचं नाही.”

“नाही.”

“पुढच्या मार्चमध्ये?”

“तेव्हाही नाही.”

“शास्त्री, तुला एक साधी ओळ बोलायला सांगितली होती.”

‘शास्त्रीजी’तला जी गेला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. बरोबरच आहे.

२० डिसेंबर
गाळ बसलेल्या खाटांवरून हात फिरवायचा होता, तोही फिरवता येत नाही. पाऊल नको म्हणजे नको. आम्ही समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीतून पाहतो. चाचा रोज येतो. माझ्याशी फक्त पाण्याबद्दल बोलतो.

१७ जानेवारी
दोन हात बर्फ. बहिणीला काल शिल्हहून खाली आणलं, छातीत दुखतंय म्हणून. खुर्चीला दोन दांडे, चार माणसं, पाच तास. दवाखान्यात तिने डोळे उघडले आणि मला पाहिलं.

“तुझ्या माशांच्या खाटांना देवाची राखण. माझ्या खुर्चीला चार माणसं, त्यातला एक दोनदा घसरला.”

मी म्हटलं, मलबा लांब टाकावा लागल्याने रस्ता थांबलेला नाही, बर्फाने थांबलाय. ती म्हणाली, “मी कुठे भांडतेय? मी फक्त सांगतेय.”

आता बरी आहे. ते वाक्य बरं होत नाहीये.

३० जानेवारी
नरोत्तमला भेटलो. म्हटलं, मलबा टाकायच्या जागेपर्यंतची वाट आम्ही गळवाले बर्फातून मोकळी करून देतो, तुझे ट्रक आठ दिवस आधी सुरू होतील. तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुम्ही? फावड्याने?”

हो. फावड्याने.

८ फेब्रुवारी
सहावा दिवस. हाताला फोड. चंद्रकला भाभी एकटी दोघांचं काम करते आणि वर आम्हाला चहा पाजते. चाचा गुडघ्यांमुळे फावडं चालवत नाही. वळणावर उभा राहून कोणाचं फावडं रिकामं येतंय ते ओरडून सांगतो. बहुतेक वेळा माझं.

१२ फेब्रुवारी
वाट मोकळी. पहिला ट्रक गेला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तो शिवीसारखा नव्हता.

२ मार्च
हंगाम उघडला. सगळे नदीवर. मी दोन धरले, दोन्ही सोडले. चाचा काठावर दगडावर बसून इतरांच्या गळांना नकली माश्या बांधत होता. कोंबड्याच्या मानेचं पीस, तांबडा दोरा, तीन वेढे. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, बाबा, तुम्ही नाही उतरत? चाचा म्हणाला, “माझी सुट्टी चालू आहे.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. गेलो नाही.

२७ मार्च
नाल्याच्या तोंडाशी, फांदीच्या अलीकडे, जिथे पाऊल टाकायला हरकत नाही — पिल्लं! नखाएवढी, काचेसारखी, पोटाखाली अजून पिवळी पिशवी असलेलीही काही. भाभीने मोजायला घेतलं, दोनशेवर सोडून दिलं. इतकी कधी पाहिली नव्हती. मलबा नव्हता म्हणून, आणि आमची पावलं नव्हती म्हणूनही. यातलं दुसरं कारण कोणी मोठ्याने म्हणालं नाही.

चाचा वाकून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “शास्त्रीजी, चष्मा द्या जरा.”

जी परत आला.

९ एप्रिल
पुन्हा भाभीचं स्वयंपाकघर, पुन्हा सहा जण. शेसरामला बोलावलं होतं, शिपाई म्हणून, गूर म्हणून नाही. त्याने नियम सांगितला. वैशाख संक्रांतीला देव मंदिरातून बाहेर येतो. त्या दिवशी जुना शब्द ज्यांनी मागितला त्यांनाच तो सोडवून नवा घालता येतो. मात्र जुना सोडवला की तेवढ्यापुरतं पाणी सगळ्यांचं. समोर जो असेल त्याचंही मागणं देवाला ऐकावं लागतं.

“समोर कोण असेल?” भाभीने विचारलं.

“नरोत्तमजी येणार आहेत. रस्त्याचा पुढचा टप्पा नाल्याच्या वरूनच जातो. पावसाळ्यापर्यंत मलबा नाल्यात टाकायची सवलत मागायची म्हणतात. शिल्हचे चाळीसएक लोक त्यांच्याबरोबर.”

मग मत घेतलं. चार विरुद्ध दोन : विचारायचं. मार्च ते ऑक्टोबर गळाला मुभा, बाकी बंद. त्यांचं म्हणणं, नाल्यात कोणी उतरणारच नसेल तर दहा वर्षांनी त्याच्यासाठी फावडं कोण उचलेल? आणि चाचाकडे बघून — याला उतरता येत नाही, हे बरोबर नाही. विरुद्ध एक हात भाभीचा, एक माझा. चाचाने हात वर केला तो विचारायच्या बाजूने. चुकीचा शब्द माझा, तेव्हा बोलायचंही मीच.

बहुमत आहे. बोलेन.

१३ एप्रिल
या वेळी कागदावर लिहिलं. संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंत, तारखांसह, संस्कृताचा एक शब्द नाही. बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, “हे कळलं.” पंचवीस वर्षांतली पहिली दाद.

१४ एप्रिल, वैशाख संक्रांत
देवाचा रथ बाहेर आला. उजवीकडे नरोत्तम आणि शिल्हचे लोक, डावीकडे आम्ही. शेसरामच्या तोंडून देवाने विचारलं, शब्द कोणाला सोडवायचाय? मी कागद उघडला. माझ्या आधी लोतराम चाचा उभा राहिला, त्याने नरोत्तमकडे एकदा बघितलं, आणि म्हणाला, “कोणाला नाही, महाराज. आमचं काही मागणं नाही.”