बाबा शांत झाला

ता. ४ जून

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

अक्षर पाहून हसू नकोस. माझी पत्रं लिहून देणारी शेजारची शिवणवाली लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा म्हटलं आपणच लिहू. दोन इयत्ता शिकले त्याचं काय लोणचं घालायचं? एका ओळीला भांड्यांचा ढीग घासण्याएवढा वेळ लागतो, पण सांगते सगळं.

तुझी नर्सची नोकरी कशी आहे? पाय सुजतात का? मीठ टाकून कोमट पाण्यात ठेवत जा. नर्स तू, आणि शिकवतेय मी.

तुझ्या बाबाचं काय सांगू! तुझी आई गेल्यावर तू त्याच्या शिडीखाली रंगाचे डबे धरून मोठी झालीस, मग तू दुकान सोडून गेलीस हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. चार वर्षं झाली, पारा तिथेच. दुकानाच्या पाटीवरचं ‘आणि कन्या’ त्याने पांढऱ्या रंगाने पुसलं. एवढा मोठा पाट्या रंगवणारा, पण हात एकच मारला. ऊन पडलं की खालची अक्षरं दिसतात.

परवा एका दवाखान्याची पाटी लिहिताना शिडीवरून घसरला. डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, लिंबाएवढं टेंगूळ. डॉक्टर बिचारा बाहेर येऊन म्हणाला, बघू द्या, तर हा त्यालाच ओरडला, की ओल्या रंगाला धक्का लावू नका. असा आहे माझा मुलगा.

मी देवाला रोज एकच सांगते, याला शांत कर, म्हणजे माझी नात घरी येईल. तू म्हणशील त्याला दुसरी कामं नाहीत का. असतील. पण रोज तेच तेच ऐकून कंटाळून तरी करेल.

माझ्यावर जीव आहे तो तसाच राहू दे.
तुझी आजी

ता. १२ जून

ती. आजीस शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. अक्षर आमच्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा बरं आहे. ‘दवाखाना’ तू तीन प्रकारे लिहिला आहेस आणि तिन्ही वाचता आले.

आजी, तू मागत राहा, मी आडवी येणार नाही. पण मला आता जमत नाही. इथे रोज माणसं खाटेपाशी हात जोडून उभी असतात. काहींचं ऐकलं जातं, काहींचं नाही, आणि का ते मला कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी मी दारापर्यंत आले होते, हे तुला सांगितलं नव्हतं. बाबांनी आतून कोण आहे विचारलं. मी आवाज दिला, तर त्यांनी रेडिओ मोठा केला. तशीच फिरले. आता त्यांनी बोलावल्याशिवाय यायची नाही. या बाबतीत मी त्यांचीच मुलगी आहे.

डोकं दुखतंय का विचार. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

लोभ वाढवलास तर हरकत नाही.
तुझी खारूताई

ता. २ जुलै

चि. खारूताईस आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी म्हणून थोडक्यात. तुझा बाबा शांत झाला. देवाने ऐकलं. घरात आता आवाज म्हणून नाही. मिळेल त्या गाडीने ये. रडू नकोस.

आजी

ता. ९ जुलै

चि. खारूताईस आशीर्वाद.

तू बाबाला मोठ्या हॉस्पिटलात नेलंस त्याला आज दुसरा दिवस. घर खायला उठतं. म्हणून लिहीत बसले.

ते कार्ड डोळ्यांपुढून हलत नाही. तू आलीस, बॅग दारातच टाकलीस आणि माझ्या गळ्यात पडून हमसून रडलीस. मला वाटलं आनंदाने रडतेय, मी आपली हसतेय! बाबांना कधी नेलं म्हणून विचारलंस, मी म्हटलं नेलं कुठे, आत स्टुलावर बसलाय. तुमच्या वॉर्डात माणूस गेला की शांत झाले म्हणतात. आपल्याकडेही म्हणतात गं, मला का ठाऊक नाही! पण पोटच्या मुलाच्या रागाबद्दल लिहिताना ते कुठून सुचणार?

मग तू आत गेलीस आणि तुझं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. तो तुला ‘ये’ म्हणाला. चार वर्षांनी ‘ये’! मी देवाला हात जोडले. तुला मात्र त्याची वरखाली लावलेली बटणं दिसली, फरपटणारा डावा पाय दिसला. महिनाभर तो जेवता जेवता पेंगत होता, आणि मी म्हणत होते, बघा कसा निवांत झाला. डोकं दुखतं का विचारलं तर नुसती मान हलवायचा. त्या पडण्याने डोक्यात रक्त साकळत होतं आणि मी त्याला कृपा म्हणून मिरवत होते.

तू म्हणालीस, आणखी चार दिवस गेले असते तर. आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला लागलीस.

देवापुढे बसते, पण मागायला तोंड उघडत नाही. मागितलं तसंच्या तसं मिळालं म्हणून नाचले होते ना? आता नुसतं म्हणते, तुला कळतं ते कर. हे म्हणायला फार भीती वाटते गं.

मला विसरू नका दोघंही.
आजी

ता. १३ जुलै

ती. आजीस शि. सा. न.

दहा तारखेला ऑपरेशन झालं. साकळलेलं रक्त काढलं. दोन दिवस बाबा डोळे उघडायचे, बघायचे, पण शब्द नाही. मी इतरांच्या घरच्यांना धीर देते ती सगळी वाक्यं मला पाठ आहेत. एकही उपयोगी पडलं नाही. काल मी हात जोडले, आजी. काय मागितलं ते विचारू नकोस.

आज सकाळी बाबांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज चढवला, की ही पोरगी कधीची ताटकळत उभी आहे, हिला कुणी खुर्ची देणार आहे की नाही! हेडनर्स धावत आल्या. बाबा त्यांनाही बोलले. मी खुर्चीवर बसून खूप रडले.

डावा हात अजून नीट उचलत नाही. शिडी आता बंद, ते त्यांना कोण सांगणार माहीत नाही. मागचं ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

एक मात्र खरं. तू कार्ड नीट लिहिलं असतंस, की बाबांचा राग गेला, ये, तर मी आले नसते. म्हटलं असतं, त्यांनी कुठे बोलावलंय.

तुझी खारूताई

ता. १७ जुलै

चि. खारूताईस आजीचे आशीर्वाद, आणि त्या ओरडणाऱ्यालाही.

पत्र वाचलं आणि चुलीपाशीच बसले. ओरडला! माझा मुलगा ओरडला! रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवालीला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, आजी, लोक मुलगा बोलायला लागला की सांगतात, तुम्ही ओरडायला लागला म्हणून सांगताय.

हाताची ओळ मात्र दोनदा वाचली. शिडीचं मी सांगेन त्याला. माझ्यावर ओरडून दमला की ऐकेल.

तू काय मागितलंस ते नाही विचारत. मी मात्र देवाला म्हटलं, बाबा रे, चार वर्षं मी तुझं डोकं खाल्लं आणि काय मागतेय ते मलाच कळत नव्हतं. याला शांत कर म्हटलं होतं ते सगळं परत घे. ओरडू दे. फक्त ओरडताना समोर ती असू दे.