आठ गाड्यांचं रुखवत

२ मार्च

आज पुन्हा डब्यांचा संच आला! कालच्याच रंगाचा! मी म्हटलं, "आई, हे आहेत आपल्याकडे." तर म्हणते, "इनास, नीट बघ, यांच्या झाकणावर फूल आहे."

माझ्या पलंगावर खोकी. पलंगाखाली खोकी. मी बाहेर सोफ्यावर झोपते, आणि हे सगळं म्हणे माझ्याचसाठी! तिकडे कुवेतमध्ये बाबा भर उन्हात भिंती चढवतात, आणि इकडे झाकणांवर फुलं उगवतात.

५ मार्च

ती फोनवरची विकणारी बाई! सकाळी उठल्यापासून ओरडते — "बायांनो, शेवटचे दोनच उरलेत, दोनच!" रोज दोनच. आईचा चहा गार होतो. बोट सारखं पडद्यावर.

पार्सल दारात आलं की चेहरा कसा फुलतो तिचा! उघडलं की संपलं. आतल्या वस्तूकडे धड बघतसुद्धा नाही, कोपऱ्यात ढकलते आणि पुन्हा फोन हातात. हे व्यसन नाही तर काय? मामाच्या सिगारेटवर मात्र तासभर प्रवचन!

९ मार्च

हातिमचं घर बघायला गेलो होतो, मी आणि आई. दोन खोल्या, एक बैठक. लहान खोली त्याच्या आईची. तिचे गुडघे गेलेत, ती आमच्याजवळ राहणार हे साखरपुड्याच्या आधीच ठरलं होतं. मला आवडते ती. उगाच गोड बोलत नाही.

आईने पर्समधून टेप काढला. बैठक मोजली. नीश, ते पेले मांडायचं शोभेचं काचेचं कपाट, मावेना. नीशशिवाय नवरी म्हणजे आमच्या झिफ्ता गावात नाकाशिवाय तोंड! मग लहान खोलीत शिरली, भिंतीला टेप लावला. "हां! इथे नीश. तिथे दुसरा फ्रीज. खोकी खिडकीपर्यंत."

हातिमची आई पलंगावरच बसली होती. हसून म्हणाली, "आणि मी कुठे गं, करीमा? फ्रीजमध्ये?"

"हाज्जा, तुम्हाला आणखी दोन मुलं आहेत की!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

१० मार्च

हातिमचा फोन. "मला तू हवीस. पेले नकोत." मी हसले. तो हसला नाही.

१३ मार्च

आज तोंड उघडलं. म्हटलं, "अर्धं सामान इथेच राहू दे. नीश तर नकोच."

"नको? आणि लोक काय म्हणतील?" शेजारच्या सुहैर खालाच्या रबाबचं लग्न माझ्या मागोमाग आहे. "तिचंही रुखवत याच गल्लीतून जाणार. लोक गाड्या मोजतात, मुली!"

"त्या नीशमधल्या पेल्यांतून कधी कोणी पाणी पिणार आहे का?"

"पाणी? नीशमधल्या पेल्यांतून?" जणू मी चपला घालून मशिदीत शिरले, तशी बघत राहिली. मग रडली. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून जमवतेय गं! लोकांच्या आया मुलींना गाणी म्हणायच्या, मी टॉवेल घेत होते!"

हे ती अभिमानाने म्हणाली. गाणी म्हटली असतीस तर काय बिघडलं असतं?

१६ मार्च

मोडलं.

हातिम त्याच्या काकांना घेऊन आला. शांतपणे म्हणाला, "खाला, त्या खोलीत माझी आई राहील, नाही तर तुमचं सामान राहील. काय ते सांगा." मी आईच्या आधी बोलले — "आई राहील! तुझी आई राहील!"

आईने छाती बडवली. "मग माझी मुलगीही येणार नाही!" कुवेतला फोन लावला. बाबा दमलेल्या आवाजात म्हणाले, "आई म्हणते तसं कर, बेटा." बस. आयुष्याचा निकाल, तोही फोनवर.

मी त्याने साखरपुड्यात घातलेल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्याने उचलल्या नाहीत, त्याच्या काकांनी उचलल्या. जाताना दारातल्या खोक्याला हातिमचा पाय अडखळला.

आई ओरडली, "जपून! काच आहे!"

१७ मार्च

रुखवताच्या गाड्या उद्याच्या ठरल्यात. म्हटलं, रद्द कर. "वेडी का खुळी! गल्लीभर आवतण गेलंय!"

"आई, लग्नच नाहीये."

"ते नंतर सांगू."

१८ मार्च

गेल्या! खरंच गेल्या! पुढे ढोल, मागे आठ गाड्या. पहिलीवर नीश उभं बांधलेलं, उन्हात झगमगतंय. गाद्यांचे डोंगर. बायकांच्या ललकाऱ्या. आई गाडीत उभी राहून हात हलवतेय, पुढारीण जशी! सगळा बाजार फिरून गाड्या कालव्यापलीकडे मामाच्या भाताच्या गोदामात रिकाम्या झाल्या.

मी पडद्याआड उभी. रुखवताबरोबर नवरी जायची रीतच नाही, त्यामुळे माझी कोणी चौकशी केली नाही. वरात सामानाची, तिथे माझं काय काम! सुहैर खाला गच्चीवरून बघत होती. मोजताना तिचे ओठ हलत होते.

आई परतली ती नुसती उजळून. तिला इतकी आनंदात मी कधीच पाहिली नाही. माझ्या खोलीत आता पलंग दिसतो. त्यावर पडून मनसोक्त रडले.

२० मार्च

रबाब आली होती. डोळे सुजलेले. तिचं लग्न परवावर आलेलं, पण सुहैर खालाने पुढे ढकललं. "चार गाड्या घेऊन इनासच्या मागून जायचं? नाक कापून घेऊ?" म्हणे आणखी जमवू, पुढच्या वर्षी बघू. तिकडे मुलाकडचे भडकलेत, बहुतेक मोडणार.

"तू नशीबवान बाई," रबाब म्हणाली. "हातिम कसा आहे गं?"

"मजेत," मी म्हटलं.