उंबऱ्यापाशी थांबलेली मालिनी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मुलुंड, २१ जुलै १९६८

ती. धोंडूदादास, सुलक्षणेचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून कपाळावर आठी आली असेल, ती आधी पुस. बातमी अशी, की यंदा आमच्या चाळीच्या गणपतीत आजोबांनी लिहिलेलं आपलं संगीत नाटक बसतंय. त्यातल्या नायिकेच्या, मालिनीच्या कामाला गावाहून तुलाच बोलवायचं असं मंडळाने ठरवलंय. इथल्या एका पोराने मालिनी करून बघितली. शालू नेसून असा चालला, जणू गोदीतला हमाल! हसून हसून आमची पुरेवाट झाली. तुझ्यासारखा स्त्रीपार्ट करणारा आता मुंबईत शोधून सापडत नाही रे.

दुसरी बातमी तितकी बरी नाही. आपली धाकटी सुगंधा वटपौर्णिमेचा उपास सोडून दुसऱ्याच दिवशी कांजूरमार्गहून माझ्याकडे आली, ती अजून इथेच आहे. काय झालं विचारलं तर बोलत नाही. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालते आणि माझ्यासमोर कपडे बदलत नाही. खालच्या मजल्यावर आमचा पेटीवाला नंदू तालमीला पेटी घेऊन बसला, की तेवढं तिचं तोंड उघडतं. परवा भाजी निवडता निवडता खिडकीतून ओरडली, की गाणाऱ्याचा धैवत चढतोय. नंदू म्हणतो, हा कान आहे की सोनाराचा काटा! आठवतं ना, लहानपणी तुलाही ती याच धैवतावरून रडवायची.

तिचा नवरा चंदर दर रविवारी येतो, नळापाशी उभा राहतो आणि निघून जातो. आमचे हे म्हणतात, लग्न झालेली बाई नवरा सोडून किती दिवस बहिणीकडे राहणार, लोक बोलायला लागलेत. मला काही सुचत नाही. तू थोरला, तू सांग तसं करू.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. माहेरची माया पाठवतोस तशी पाठवत राहा.

तुझी,
सुलक्षणा

॥ श्री ॥

केळवाडी, ३ ऑगस्ट १९६८

चि. सौ. सुलक्षणा हीस धोंडूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, आठी पुसली. मी येतो म्हणून मंडळाला कळव. त्या पोराला सांग, शालू नेसून चालणं पायात नसतं, मानेत असतं. भाऊ मला डोक्यावर भरलेली कळशी देऊन अंगणात चालवायचे. पाणी सांडलं की बाप म्हणून मारायचे आणि गुरू म्हणून पुन्हा चालवायचे. 'गाता येईना, पेटी वाकडी' असला धंदा आपल्या घरात चालला नाही.

सुगंधाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. भांड्याला भांडं लागतंच. त्यावरचं औषध आपल्याच घरात आहे. गावची रीत विसरलीस काय गं? माहेरी येऊन बसलेली बाई आणि तिचा नवरा, दोघांना नाटकाला पुढच्या सतरंजीवर शेजारी बसवायचं. मालिनी घर सोडून वणवण फिरते, शेवटी सासरच्या उंबऱ्याशी येते, भैरवी गाते, उंबरा ओलांडते. पडदा पडला, की ते जोडपं कोणाशी न बोलता आपल्या घरी जातं. पंचांना जे जमलं नाही, ते मालिनी झालेल्या भाऊंच्या गळ्याने केलं. सोनूबाई आणि खंडूचा संसार भाऊंच्या भैरवीनेच जुळला, हे गाव अजून सांगतं.

तू चंदरला बोलाव. सुगंधाला त्याच्या शेजारी बसव. पुढचं माझ्यावर सोड.

आल्यावर बांगड्याचं तिखलं हवं. जावईबापूंना नमस्कार. लोभ काही मागून मिळत नाही, पण बहिणीकडे मागायला लाज कसली!

धोंडू

॥ श्री ॥

मुलुंड, ९ सप्टेंबर १९६८

ती. दादास, सुलक्षणेचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. चाळीत अजून दुसरा विषय नाही. पुरुष आहेस हे माहीत असून शेजारच्या पद्मजाबाई तुझी दृष्ट काढायला निघाल्या होत्या! आणि ते शेवटचं पद, 'परतुनी ये दासी दारी, नाथा आता क्षमा करी'. टाकीवर चढून बसलेली टवाळ पोरंसुद्धा गप्प झाली. नेहमी चढणारा तुझा तो धैवत त्या दिवशी असा लागला, की नंदू पेटीवरचा हात उचलून नुसता ऐकत राहिला.

तू आत रंग पुसत होतास, त्यामुळे पुढचं तुला दिसलं नाही. पडदा पडला तशी सुगंधा उठली, चंदरही उठला. ट्रंक घ्यायला वर न येता ती त्याच्या मागोमाग चालायला लागली. सगळ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. मांडवाच्या तोंडाशी तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी पानसुपारीचं तबक घेऊन तुझं कौतुक ऐकण्यात गुंग. मी नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी यांनी ट्रंक पोचवली. चंदरने स्वतः चहा केला म्हणे. देव पावला, दादा. भाऊ असते तर तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता.

तिचं ते वळून बघणं तेवढं अधूनमधून आठवतं. असू दे, माझा स्वभावच तसला. आहे तो जिव्हाळा आटू देऊ नकोस.

तुझी,
सुलक्षणा

मुलुंड, १९ जानेवारी १९६९

दादा,

मायना लिहायला हात वळत नाही. सुगंधा परत माझ्याकडे आली आहे. तिचा डावा कान गेला. पडदा फाटलाय, आता त्या कानाने ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

संक्रांतीचे तीळ निवडताना ती गुणगुणत होती. मालिनीचंच पद, तुझं. चंदरने विचारलं, कोणाला ऐकवतेस. तिने उत्तर द्यायच्या आत मारलं. शेजारणीने टॅक्सी करून तिला माझ्या दारात आणून सोडलं.

लांब बाह्यांखाली काय होतं, तेही आता पाहिलं. ताजे वळ आहेत आणि वटपौर्णिमेच्या आधीचे जुने डागही आहेत. मी तुला बाह्यांचं लिहिलं होतं ना रे? मी लिहिलं, पण बाही वर करून बघितली नाही. तू वाचलंस, पण तुला आपली भैरवी तेवढी दिसली. दोघांनी मिळून तिला त्या सतरंजीवर बसवलं.

काल चंदर आला, तर यांनी त्याला जिन्यावरूनच हाकलला. आता हाकलला! आता काय उपयोग!

खाली नंदू वाजवतो तेव्हा ती मान वळवून उजवा कान पुढे करते. परवा त्याच्याबरोबर गाणाऱ्याचा सूर मलासुद्धा कळेल इतका चुकला. ती तांदूळच निवडत राहिली. मी मोरीत जाऊन रडले.

सुलक्षणा

॥ श्री ॥

केळवाडी, २ एप्रिल १९६९

चि. सौ. सुलक्षणा हीस आशीर्वाद.

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही. कागद घेऊन बसायचो आणि उठायचो.

रामनवमीला देवळात आपलं नाटक झालं. मी नको म्हणत होतो. मानकरी म्हणाले, मालिनीचा मान तुमच्या घराचा, देवीच्या दारात नाही म्हणायचं नसतं. उभा राहिलो. सगळी पदं म्हटली, वन्समोअरही घेतले. शेवटी उंबऱ्याशी आलो. पेटीवाल्याने भैरवी धरली आणि माझा पाय उचलेना. पुढच्या सतरंजीवर यंदाही एक पोर बसवली होती, वरच्या वाडीची मथुरा. खाली मान घालून नवऱ्याच्या शेजारी. पेटीवाला सुरावट घोळवत राहिला, आतून कोणी पद सुचवलं, पद काय मी विसरलो होतो! मी एवढंच म्हणालो, की मालिनी इथून मागे फिरते आहे, तिला वाट द्या. आणि शालू सावरून माणसांमधून चालत देवळाबाहेर पडलो.

मग जी बोंबाबोंब झाली ती विचारू नकोस. मान आपल्या घरातून काढून घेतला. घेऊ देत. मथुरा माहेरीच आहे, बाप तिला दोष देतो, मलाही देतो.

रीतीप्रमाणे मालिनीची ओटी भरायला कोणी बाई आली नाही. एकटी म्हातारी सोनूबाई नारळ घेऊन आली. ओटीत तांदूळ घालताना म्हणाली, की तुझा बापूस तेव्हा इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. खंडू मरेपर्यंत तिने काय सोसलं ते गावाने कधी विचारलं नाही, कारण नाटक तर गोड संपलं होतं.

सुलक्षणे, भाऊंचं मोठेपण सांगत मी म्हातारा होत आलो. त्यांचा गळा खोटा नव्हता गं. मग हे असं कसं झालं?

सुगंधाला हे पत्र वाचून दाखव. तिच्या उजव्या बाजूला बस. माझ्यावर राग धरलात तरी चालेल, मला तोडू मात्र नका.

धोंडू

॥ श्री ॥

मुलुंड, २० एप्रिल १९६९

ती. दादास, सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

अक्का तुझं पत्र मला वाचून दाखवायला बसली होती. मी हिसकावून घेतलं. कान गेलाय, डोळे शाबूत आहेत!

मी बरी आहे. साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालंय. मशिनींचा आवाज इतका, की तिथे सगळेच बहिरे. त्यांच्यात मीच जरा बरी. चंदरकडे जाणार नाही. अक्काच्या यांनाही तसं स्वच्छ सांगितलंय. त्यांनी मान हलवली.

तू थांबलास ते बरं केलंस. मथुरेच्या बापाकडे जा, दोनदा जा. नुसतं नाटकात थांबून भागणार नाही.

दादा, एक गोष्ट अक्कालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मी जाणार नव्हते. सतरंजीवर बसतानाच ठरवलं होतं, दादा गाईल, बायका रडतील, आणि मी उठून अक्काच्या खोलीत जाऊन भात लावीन. तुझा धैवत नेहमी चढतो. तो चढला, की मनातल्या मनात हसायचं आणि उठायचं, असंही ठरवलं होतं. मी वाट बघत होते रे. तो चढला नाही. इतका खरा लागला, की मला वाटलं, एवढा खरा सूर लावणारा माझा भाऊ मला चुकीच्या घरी कसा पाठवेल? म्हणून मी गेले.

राग नाही. असला तरी तुझ्यावर किती दिवस धरणार! सुट्टीत ये, गायला बस. ते पद नको, दुसरं काहीही गा. धैवत चढला तर चढू दे, मी ओरडेन. माझ्या उजव्या हाताला बस म्हणजे झालं.

तुझी धाकटी,
सुगंधा