ढाब्यावरचं धुकं

६ मे
फवाऱ्याचे पंखे लावून आठवडा झाला. बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि आमच्या ढाब्यावर धुकं! बाजेवर डोळे मिटले की रस्त्यावरचे ट्रकसुद्धा लांब कुठेतरी तरंगत गेल्यासारखे वाटतात. पोळ्या आटोपल्या की वच्छलाबाई तिथेच झोपतात. आज गोंदियाचा नागसेन ड्रायव्हरही दोन तास पडला. उठून म्हणाला, "वहिनी, ढगात झोपलो होतो."

११ मे
वच्छलाबाईंना ताप. खोकला.

१३ मे
कारंज्याहून त्यांना वर्ध्याला दवाखान्यात आणलं. न्यूमोनिया. तापात बडबडतात — "बाई, भिंतीतून नदी वाहून राह्यली. पाय टाकू काय?"
"टाका," म्हटलं. हात धरून बसले. त्या पांढऱ्या खोलीत मलाही पाण्याचा आवाज येत होता.

१५ मे
लघवीच्या तपासणीत सापडलं — लिजिओनेला. पाण्यात वाढणारे जंतू. पंख्यांना पाणी पुरवणारी आमची गच्चीवरची टाकी, दोन वर्षं न धुतलेली, उन्हानं कोमट! फवाऱ्याचे बारीक थेंब श्वासात गेले की होतं म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिथे जे जे बसले त्यांना कळवा. ताप-खोकला असेल तर त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे नाव सांगावं. याचं औषध वेगळं असतं."
ह्यांनी पंखे बंद केले, टाकी रिकामी केली. पण — "दीपमाला, कोणाले सांगू नको. ढाबा बसून जाईन."

१६ मे
सांगितलं नाही.

१८ मे
वच्छलाबाईंचा ताप उतरला! चहा मागितला. परतताना बसमध्ये इतकी गाढ झोप लागली की आर्वीचा स्टँड कधी गेला कळलं नाही. स्वप्नात धुकं होतं. सगळ्या बाजा रिकाम्या, एकीवर नागसेन, पाठ करून. हाक मारली, वळला नाही.
दर चौथ्या दिवशी परत येतो तो. बारा दिवस झाले.

१९ मे
ह्यांना न विचारता फोन लावला. तीनदा. उचलला नाही. मग पुठ्ठ्यावर सगळं लिहिलं आणि गल्ल्यापाशी टांगलं. हे वाचत उभे राहिले. काढलं नाही.

२० मे
नागसेनच्या फोनवरून फोन आला. त्याची बायको, पौर्णिमा. तो काल पहाटे गेला. पाच दिवस दवाखान्यात होता, कशानं ते कोणालाच समजलं नाही.
मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं —
"तुमाले कधी समजलं?"
पंधरा तारखेला, म्हणाले.