काटेरी आकाशकंदील

तबूक (सौदी अरेबिया), नोव्हेंबर

तीर्थरूप विभावहिनींच्या चरणी (म्हणजे शाळेत माझ्याच बाकावर बसून माझाच डबा खाणाऱ्या विभेला) सुनेत्राचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दादा अजून साखर चोरून खातो का? माझी प्रकृती ठणठणीत आहे. अक्कल तेवढी अधूनमधून दुखते.

यतीनने फोनवर सांगितलंच असेल की, मी आता कायमचं इथेच राहावं, तो माझ्या इकाम्याचे, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचे, कागद करणार आणि नाशिकचं घर भाड्याने देणार. किल्ली तुझ्याकडे आहे म्हणून निर्णय आधी तुलाच कळवते: मी परत येतेय. एजंटला किल्ली देऊ नकोस. इथे माझा उपयोग नाही, उपद्रव आहे. कसा, ते ऐक.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही डबा घेऊन वाळवंटात गेलो होतो. वाऱ्याबरोबर एक वाळकं, गोल झुडूप गडगडत आलं आणि माझ्या सतरंजीला अडून थांबलं. विभे, तेच ते! शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सिस्टर काउबॉयचे सिनेमे दाखवायच्या, त्यात दोघे पिस्तुलं रोखून उभे राहिले की रस्त्यातून गडगडत जायचं, ते. (चुंबन आलं की सिस्टर प्रोजेक्टरपुढे हात धरायच्या. त्यामुळे त्या सिनेमांतलं प्रेम आपल्याला कधी कळलं नाही, झुडूप मात्र पाठ झालं.) माझे डोळेच भरून आले. यतीन म्हणाला, आई, हे तण आहे, आणि अमेरिकेचंसुद्धा नाही. जवसाच्या बियाण्यात लपून रशियातून तिकडे गेलं आणि लोकांची शेतं बळकावून बसलं. मी म्हटलं, असू दे, बिचाऱ्याने इतकी वर्षं सिनेमात काम केलंय. आणि मांडीवर घेऊन घरी आणलं. (काटे कुठे कुठे टोचले, हे पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

इथे आकाशकंदील कुठला मिळायला? मी त्या झुडपातच दिवा बसवला, खाली सोनेरी कागदाच्या झिरमिळ्या लावल्या आणि अंगणात टांगलं. कंपाउंडमधल्या, म्हणजे आमच्या या वसाहतीतल्या, बायका फोटो काढून गेल्या. मी अशी फुगले की, त्यांना आपल्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत काउबॉयवर व्याख्यानच दिलं. माझी सून चारुता एवढंच विचारत होती की, आई, यातून खाली काय गळतंय? मी म्हटलं, कचरा. आणि रोज सकाळी त्या कचऱ्यावर भक्तिभावाने सडा घातला. सड्याशिवाय दिवाळी कसली?

तो कचरा नव्हता, बी होतं. गडगडत जायचं आणि वाटेत बी सांडायचं, हाच या झुडपाचा धंदा. वाळवंटात त्याला वर्षाकाठी जेमतेम जे पाणी मिळतं, तेवढं मी रोज पाजलं. दिवाळीनंतर अंगणात बारीक हिरवी पाती दिसली आणि मला वाटलं, माझा शेपू उगवला. (शेपू मी पेरलाच नव्हता, हे नंतर आठवलं.) भाजी करून शेजारच्या हाजराला वाटीभर दिलीसुद्धा. ती रत्नागिरीची, तोंडावर नावं ठेवणारी नव्हे. वाटी परत देताना म्हणाली, "सुनेत्राताई, शेपू वायच निबर झाला काय?"

तोवर तो शेपू कुंपणाखालून तिच्या अंगणात, तिथून मुलांच्या खेळायच्या जागेत पोचला होता. शेवटी कंपाउंडचा मॅनेजर आला. त्याने अंगण पाहिलं, वर टांगलेला कंदील पाहिला, मला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "खलास, मदाम." मुलांना काटे लागायच्या आत सगळं उपटून टाका, असा हुकूम निघाला. यतीनला माझ्यापायी लोकांची माफी मागत दारोदार फिरावं लागलं. आता सांग, अशा आईने पोराच्या संसारात मुक्काम ठोकावा का? नाशिकला निदान माझा वेडेपणा दोन कुंड्यांत मावतो.

दादाला नमस्कार. तुझ्या गुडघ्याला माझा आशीर्वाद.

तुझी नणंद,
सुनेत्रा

ता.क. दुपारी चारुता आणि मी ओव्हनचे हातमोजे घालून अंगणात तण उपटत होतो. मी परत जाणार, हे तिला तेव्हाच सांगितलं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "वा, आई. तुम्ही विमानात बसणार आणि हे सगळं मी एकटीने उपटायचं?" आणि पुढचं रोप ओढायला लागली. माझ्या हातमोज्याला भोक पडलेलं तिला दिसलं. तेव्हा तिने स्वतःचा काढून मला दिला आणि माझा फाटका आपण घातला.

ता.क. (दुसरा) एजंटला किल्ली दे. करार मात्र अकरा महिन्यांचाच कर. त्यापुढची माझी हमी मीसुद्धा घेत नाही.