हिमहस्त महारथी

खालापूर, जानेवारी १९४७

चिरंजीव मालोजीस, तुझा जन्मदाता कोंडाजी मास्तर याचा सविनय आशीर्वाद.

गणपतीत तू भर पंगतीत सांगितलेस, की कॉलेजच्या हुतूतूच्या सामन्याआधी तुझे हात गार पडतात आणि रेषेपाशी दमच टिकत नाही. त्यावर मी तुला ‘हिमहस्त महारथी’ ही पदवी प्रदान केली. पाहुणे खदखदून हसले. तू अर्ध्या पानावरून उठलास. तदनंतर दिवाळी गेली, नाताळ गेला, तू आला नाहीस.

तुझी आई म्हणते, “आवं, तुमी जीभ आवरा, पोर आपसूक येल.”

जीभ आवरली आहे. श्रोताच अंतर्धान पावला आहे. उन्हाळ्यात तू सरावासाठी अंगणात राखेने मध्यरेषा आखली होतीस. आई सारवताना ती पुसते. मी गुपचूप पुन्हा आखतो.

हे पाचवे पत्र. टपालपेटीपर्यंत मी वीरश्रीने जातो. तेथे हात असे गार पडतात, की पत्र बोटांतून सुटत नाही; आधीची चारही खिशातूनच परत आली. तात्पर्य, पदवी आनुवंशिक आहे. पंगतीत तेवढे सांगायचे राहिले.

हरून ये, धापा टाकीत ये, पण ये.

तुझा,
आद्य हिमहस्त कोंडाजी