व्हिला काजूचा नकाशा

१ डिसेंबर

अजगर! एका पुस्तकाचं परीक्षण लिहिलं की शिक्षेतले चार दिवस कमी, महिन्याला एकच पुस्तक. आणि तुरुंगाच्या कपाटात उरलंय काय? अजगर, चेटकिणी, अंतराळयानं! कुठल्याशा शाळेने नको झालेलं खोकं इथे पाठवलं. मी जन्मभर जमिनीचे कायदे वाचले, इतिहास वाचला, हजारो माणसांपुढे हातात कागद न धरता बोलले. आता पन्नाशीत उडत्या घोड्यावर लिहू?

लिहायलाच हवं. माझी सुटका अठरा मार्चला. आमच्या वस्तीची, व्हिला काजूची, सुनावणी सहा मार्चला. तीन पुस्तकं, बारा दिवस — बरोब्बर सहाच्या सकाळी फाटकाबाहेर. बंद साखर कारखान्याच्या पडीक जमिनीवर तीनशे बारा घरं उभी केली आम्ही. ती राहणार की पडणार ते त्या दिवशी ठरेल. मी नसले तर कोण बोलणार?

७ डिसेंबर, रविवार

बहीण नेइदे भेटीला आली. धाकटी असून मलाच दम देते. "ताई, तोंड आवर. मागे पहारेकरणीशी भांडलीस आणि मिळालेली सूट घालवलीस. गपगुमान वाच."

वस्तीतल्या झाडांची काजूची बोंडं आणली होती. कोठडीत आम्ही एकोणीस जणी, बोंडं बारा. तुकडे केले.

१९ डिसेंबर

नापास!

परीक्षणं तपासणाऱ्या क्लिओनिसे बाई म्हणाल्या, "मारिनाल्वा, हे भाषण आहे. फार छान आहे. पण यात पुस्तक कुठे आहे?"

मी म्हटलं, राजाचं राज्य बळकावणं आणि आमची जमीन बळकावणं —

"घोड्याचं नाव काय?"

पहिली चाळीस पानं वाचून बाकीचं ठोकून दिलं होतं. हे मी केलं! न वाचता बोलणाऱ्यांना जिने आयुष्यभर झोडपलं तिने!

बाईंनी महिनाअखेरपर्यंत पुन्हा लिहायची मुभा दिली. कोठडीत व्हानिया माझ्या शेजारी झोपते, ती हसून लोळली. "पुढारीणबाई, घोड्याला मताचा अधिकार असता तर नाव पाठ केलं असतंस!"

२४ डिसेंबर

घोड्याचं नाव ओरीम. बाराव्या प्रकरणात मरतो. वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचाच राग आला.

३० डिसेंबर

पास. चार दिवस.

११ जानेवारी, रविवार

नेइदे उशिरा आली. हाताला चिंधी गुंडाळलेली. म्हणाली, विहिरीचा दोर लागला. शाळेवर पत्रे चढले म्हणे! आता भिंतींना निळा रंग देणार. मी विचारलं, बोंडं नाही आणलीस? "कीड पडली गं यंदा." डोळे लाल होते. झोप नाही म्हणाली. बाहेर राहून तीही माझीच शिक्षा भोगतेय.

१७ जानेवारी

पाणी दिवसातून एक तास. भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

दुसरं पुस्तक अंतराळयानाचं. तीनशे वर्षांचा प्रवास. निघाले ते वाटेतच मरणार, पोचतील ते अजून जन्मायचेत. आणि मधले? मधल्यांना कुणी विचारलं होतं का? त्यांनी फक्त जन्मायचं, यान पुसायचं आणि मरायचं! पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उठून उचललं, कारण चार दिवस.

खरं सांगू? या आधी दोन वस्त्यांसाठी बोलले. दोन्ही ठिकाणी न्यायाधीशाने मान हलवली, दोन्ही ठिकाणी लोक रडून टाळ्या वाजवत होते, आणि दोन्ही वस्त्या गेल्या. माझ्या भाषणाने आजवर एक वीट वाचली नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. सहा मार्चला निदान एकदा — एकदा तरी!

२९ जानेवारी

पास. आठ झाले. व्हानियाला यानाची गोष्ट सांगितली, ती हमसून रडली. तिला अजून नऊ वर्षं आहेत.

८ फेब्रुवारी, रविवार

नेइदे सांगत होती, नळ आला, गल्लीत रांग लागते, बायका भांडतात. भांडू देत! भांडण म्हणजे वस्ती जिवंत आहे.

तिसऱ्या पुस्तकात आरंभीच नकाशा आहे. नसलेल्या डोंगरांचा, नसलेल्या नद्यांचा. आधी हसू आलं. मग मीही कागद घेतला. शाळा, विहीर, गिल्देतेची पावाची भट्टी, आमची गल्ली. नवा नळ अंदाजाने काढला.

"स्वतःचं राज्य काढतेस?" व्हानिया म्हणाली.

"राज्य नाही. पत्ता."

१८ फेब्रुवारी

कार्निव्हल संपला. त्या धांदलीत धरलेल्या बायका आज आत आणल्या. त्यांत गिल्देते! आमची भट्टीवाली! पोलिसाशी झटापट केली म्हणे. मी मिठी मारली, लगेच नकाशा पुढे धरला. "सांग, नळ इथेच ना?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग खालीच बसली.

"कुठला नळ, ताई? नऊ जानेवारीला यंत्रं आली. दुपारपर्यंत काही उरलं नाही. झाडंसुद्धा."

सुनावणी?

"कसली सुनावणी! पाडून झाल्यावर कसली?"

नेइदेने पत्रे उचलायचा प्रयत्न केला, हात कापला. कारखान्याच्या गोदामात सगळे राहिले, मग पांगले. "तुला कळवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. तू इथे डोकं आपटून घेतलं असतंस. आणखी शिक्षा ओढवली असतीस."

१९ फेब्रुवारी

नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

भेटीला गेले नाही. बरं नाही असं कळवलं.

२५ फेब्रुवारी

बाई परीक्षणासाठी थांबल्यात. व्हानिया म्हणते, "लिही ना. चार दिवस तर चार दिवस." चार दिवस आधी बाहेर पडून कुठे उभी राहू? सहा तारखेचं भाषण पाठ आहे. झोपेत ओठ हलतात म्हणे. कुणापुढे बोलते देव जाणे.

१ मार्च, रविवार

नेइदे आली. म्हणाली, निळा रंग सुरेख बसलाय. म्हणाली, गिल्देतेने भट्टी वाढवली, आता गोड पावही करते. गिल्देते भिंतीपलीकडे माझ्या चटईवर झोपली होती.

मी जन्मात कुणाचं खोटं त्याच्या तोंडावर फेकल्याशिवाय सोडलेलं नाही. तिचा कापलेला हात हातात घेतला.

"मग?" मी म्हटलं. "पुढे सांग."